भेग बुजवण्यापूर्वी

श्रोतेहो, जुन्या घराच्या भिंतीला भेग दिसली की घरमालक सहसा दोन प्रश्न विचारतात : घराला धोका आहे का, आणि ही भेग बुजवायला कोणता माल वापरावा. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न असतो आणि तो मात्र फारसा कुणी विचारत नाही : ही भेग पडली कशाने? आजचा बहुतेक वेळ मी त्या तिसऱ्या प्रश्नालाच देणार आहे. माल चुकला म्हणून फसलेली दुरुस्ती मी क्वचित पाहिली आहे. कारण न शोधता केलेली आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा उघडलेली दुरुस्ती मात्र इतकी पाहिली आहे की मोजणे सोडून दिले.

कामावर आम्ही चीर, भेग आणि तडा हे शब्द जपून वापरतो. गिलाव्यापुरती असते ती चीर, आतल्या विटेपर्यंत किंवा दगडापर्यंत उतरते ती भेग, आणि भिंतीच्या एका अंगातून दुसऱ्या अंगात आरपार गेलेला तो तडा. हा भेद शब्दकोशातला नाही, आमच्या सोयीचा आहे, आणि आज बोलण्याच्या ओघात मीही सरसकट भेगच म्हणेन; पण तपासणीची सुरुवात याच भेदापासून होते. थापीच्या मुठीने भेगेच्या दोन्ही बाजूंना हलके ठोकत जावे. पोकळ, बद्द आवाज आला तर गिलावा भिंतीपासून सुटलेला आहे. जाळ्यासारख्या पसरलेल्या, ठरावीक दिशा नसलेल्या बारीक चिरा बहुधा गिलाव्यात सिमेंट जास्त पडल्याने किंवा त्यावर पुरेसे दिवस पाणी न मारल्याने आलेल्या असतात. त्यांच्यापायी कुणी झोप घालवू नये. शंका उरलीच तर वीतभर जागेतला गिलावा काढून आतली वीट पाहावी, आणि भिंतीच्या पलीकडच्या अंगाला त्याच जागी तशीच रेघ उमटली आहे का, तेही पाहावे.

मग भेगेच्या आत पाहावे. टॉर्चचा उजेड तिरका टाकला की कडा स्पष्ट दिसतात. कडा धारदार आणि आतला रंग नुकत्याच फोडलेल्या विटेसारखा असेल तर भेग अलीकडची. कडा झिजलेल्या, आत धूळ आणि मागच्या रंगकामाचे ओघळ असतील तर ती जुनी, निदान त्या रंगकामाच्या आधीची. त्यानंतर एक बोट भेगेवरून आडवे फिरवावे. एक कड दुसरीपेक्षा पुढे आलेली लागली तर भिंत नुसती फाकलेली नाही, तिचा एक भाग बाहेरही सरकला आहे. आणि हे डोळ्यांच्या आधी बोटाला कळते.

आता दिशेविषयी. विटांचे किंवा दगडांचे बांधकाम दाब उत्तम सोसते, ताण मात्र जेमतेम. म्हणून ज्या दिशेने ते ओढले जाते त्या दिशेला काटकोनात ते फाटते. समजा, आपण भिंतीसमोर उभे आहोत आणि तिचा उजवा कोपरा खचला आहे. अशा वेळी भेग डावीकडे खालून निघून उजवीकडे वर चढत जाते, विटांच्या दरजांमधून, म्हणजे सांध्यांमधून, पायऱ्यापायऱ्यांनी जाते, आणि वाटेत खिडकी असेल तर बहुतेकदा तिच्या कोपऱ्यातून निघते, कारण तिथे भिंतीचा सलगपणा आधीच तुटलेला असतो. पुष्कळांची समजूत असते की भेगेचे खालचे टोक जिकडे, तिकडची बाजू खचली आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. भेगेवर काटकोनात पेन्सिलीने एक रेघ ओढावी. ती उतरत उतरत ज्या बाजूला जाते, ती बाजू खाली गेलेली असते. त्यातही रुंदी कुठे जास्त आहे ते पाहावे. टोकाचा कोपरा खचत असेल तर भेग वर रुंद आणि खाली निमुळती असते. भिंतीचा मधला भाग खचला असेल तर ती खाली रुंद असते आणि वर जाऊन मिटते.

घर थोडेफार खचले यात काही विशेष नाही; सगळे घर सारखे खचले तर भिंतीला त्याचा पत्ताही लागत नाही. भेग पाडतो तो खचण्यातला फरक. स्केम्प्टन आणि मॅकडोनल्ड या दोन अभियंत्यांनी १९५६ साली ९८ इमारतींच्या नोंदी तपासून जी मर्यादा काढली, ती आजही आमच्या हाताशी असते : दोन जागांमधल्या अंतराच्या साधारण तीनशेव्या भागाइतका फरक पडला की भिंतींना भेगा दिसू लागतात. म्हणजे ३ मीटर अंतरावरच्या दोन जागांत १ सेंटीमीटरचा फरक. जुन्या चुन्याच्या बांधकामात चुना मऊ असल्याने ही हालचाल काही अंशी दरजांमध्येच जिरून जाते. त्याच भिंतीच्या दरजा कुणी कडक सिमेंटने भरल्या की पुढची भेग दरज सोडून थेट विटेतून जाते.

सगळ्याच भेगांचे मूळ घराच्या पायात नसते. छताच्या स्लॅबच्या लगेच खाली भिंतीला आडवी भेग असेल तर आधी उन्हाचा विचार करावा. १० मीटर लांबीचा काँक्रीटचा स्लॅब ३० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे ३ मिलिमीटर लांबतो. विटांची भिंत त्या मानाने कमी लांबते, शिवाय ती सावलीत असते, आणि वर्षानुवर्षे रोज होणाऱ्या या ओढाताणीत दोघांचा सांधा सुटतो. काँक्रीटच्या खांबाला लागून किंवा जुन्या घराला जोडलेल्या नव्या खोलीच्या सांध्यावर सरळ उभी भेग येते, तिचे कारण बहुधा इतकेच, की दोन वेगळ्या गोष्टी एकच असल्यासारख्या लिंपून टाकल्या गेल्या. उतरत्या छपराच्या घरात कुणी जागा मोकळी करण्यासाठी मधली आडवी तुळई कापली असेल तर वासे भिंतींना बाहेर रेटतात आणि कोपऱ्यातली उभी भेग वरच्या बाजूला उघडते. लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई), छज्जा किंवा स्लॅबच्या खालच्या अंगाला सळईच्या रेषेतच जाणारी, तांबूस डाग असलेली भेग गंजाची असते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, कधी सहापटीपर्यंत होते, आणि तो आतून काँक्रीट फोडतो. अशा भेगेवर बाहेरून पुट्टी लावणे म्हणजे गंजाला झाकण घालणे आहे, आणि त्या झाकणाखालचा तुकडा एक दिवस कुणाच्या तरी अंगावर पडतो.

रुंदीवरून धोका ठरवण्याचीही एक रूढ वर्गवारी आहे. ०.१ मिलिमीटरच्या आतली भेग केसासारखी म्हणून सोडून देतात. ५ मिलिमीटरपर्यंतची भेग सहसा बुजवून भागते. ५ ते १५ मध्ये दारे-खिडक्या अडकू लागतात. १५ च्या पुढे भिंतीचे भाग नव्याने बांधण्याची भाषा सुरू होते. ही वर्गवारी उपयोगी आहे, पण तिच्यात वेळ नाही. चाळीस वर्षे जागच्या जागी असलेल्या ६ मिलिमीटरच्या भेगेपेक्षा मागच्या महिन्यात १ आणि या महिन्यात २ मिलिमीटर झालेली भेग मला अधिक अस्वस्थ करते. म्हणून मोजमाप हवे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहावी. भेगेच्या दोन बाजूंना दोन बारीक स्क्रू पक्के बसवून त्यांच्यातले अंतर दर महिन्याला कॅलिपरने, म्हणजे बारीक अंतर मोजण्याच्या साधनाने, मोजावे आणि वहीत मांडावे. भेगेवर काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी पद्धत मला फारशी आवडत नाही. काच तुटली एवढेच ती सांगते, भेग किती आणि कुठल्या बाजूला हलली ते सांगत नाही. नोंदी वर्षभराच्या असाव्यात, म्हणजे कोरडे आणि ओले असे दोन्ही काळ त्यात येतात.

मात्र भिंत फुगून बाहेर आली असेल, तुळई किंवा लिंटेल आपल्या टेकूवरून निसटू लागली असेल, काँक्रीटचे तुकडे पडत असतील किंवा दिवसागणिक भेग वाढताना दिसत असेल, तर वही उघडण्याआधी ती खोली रिकामी करावी आणि त्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

महिन्या-महिन्यांची नोंद काय करते, हे मी माझ्याच चुकीतून शिकलो. सुमारे साठ वर्षांचे एक बैठे घर होते, मागच्या कोपऱ्याजवळ खिडकीतून तिरपी चढलेली भेग. ती तीनदा बुजवलेली होती, आणि तिन्ही वेळचे माल आत एकावर एक दिसत होते : तळाशी करडे सिमेंट, त्यावर पांढरी पुट्टी, त्यावर रबरासारखे सीलंट. कोपऱ्याबाहेर न्हाणीघराचे सांडपाणी वाहून नेणारी जमिनीखालची नळी होती. गळक्या नळीचे पाणी पायाखालची बारीक माती वाहून नेते किंवा चिकणमातीला मऊ करते, हे मी शंभरदा सांगितलेले. तेव्हा मी विचार न करता नळी उकरायला लावली. नळी ठणठणीत होती. घरमालकांनी काही बोलून दाखवले नाही, पण खड्डा बुजवण्याचा खर्च त्यांनाच पडला.

खड्डा बुजत असताना घरातल्या आजी मला म्हणाल्या, "ते मागचं दार बघा हो. सगळ्यांची दारं पावसाळ्यात अडतात, आमचं कोरड्या दिवसांत अडतं." लाकूड पावसाळ्यात फुगते, म्हणून दारे तेव्हा अडणे स्वाभाविक आहे. कोरड्या दिवसांत, लाकूड आक्रसलेले असताना दार अडत असेल तर दार बदललेले नसते, चौकट वाकडी झालेली असते. स्क्रू बसवून आम्ही वर्षभर मोजले. कोरड्या महिन्यांच्या शेवटी भेग ४ मिलिमीटर, पाऊस मुरल्यानंतर दीड. गळक्या नळीने खचलेला कोपरा पावसाळ्यात असा वर येत नाही. खाली चिकणमाती होती, आणि ६ मीटरवर घराच्या दुप्पट उंचीचे एक झाड. झाड कोरड्या दिवसांत मातीतले पाणी ओढून घेई, माती आकसे, कोपरा उतरे. पावसात माती फुगे आणि कोपरा पुन्हा वर येई.

तीन दुरुस्त्या का फसल्या, तेही तेव्हाच उलगडले. भेग डोळ्यांत भरते ती रुंद असताना, म्हणून प्रत्येक वेळी ती कोरड्या दिवसांतच बुजवली गेली. पावसाळ्यात भिंत मिटायला आली की आतला माल पाचर होऊन अडे, आणि भिंत शेजारी नवी जागा शोधून फाटे. बुजवण्याने भेग दर वर्षी थोडी मोठी केली होती.

झाड तोडावे का, असा प्रश्न लगेच आला. मी नको म्हटले. झाड घराच्या आधीचे होते, आणि असे झाड एकदम काढले तर वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली माती हळूहळू पाणी पिऊन फुगते आणि कोपरा उलट वर उचलला जाऊ शकतो. हे फुगणे कित्येक वर्षे चालते. माहितगाराकडून फांद्या विरळ करून घेतल्या, म्हणजे पाने कमी आणि पाण्याची ओढही कमी, आणि ती छाटणी दर काही वर्षांनी करायची असे ठरले. पुढच्या वर्षी भेगेची हालचाल अडीचवरून एक मिलिमीटरच्या आत आली. तेव्हा तिन्ही जुने माल खरवडून काढले, आणि भेग ना पूर्ण उघडी ना पूर्ण मिटलेली अशा मधल्या महिन्यात ती चुन्याच्या मऊ मालाने भरली. आजही कोरड्या दिवसांत तिथे केसाएवढी रेघ दिसते, आणि आजी गेल्यानंतर त्यांची नात ती वही पुढे लिहिते आहे.