लाडवावरचा बेदाणा

(दृश्य : ओट्यावर फराळाचे डबे, खाली शेपटी हलवत उभा असलेला कुत्रा.)

दिवाळीत फराळाचे डबे उघडले की घरातला कुत्रा पायात घोटाळू लागतो, आणि सण त्याचाही आहे म्हणून कुणीतरी कौतुकाने अर्धा लाडू त्याच्यापुढे ठेवते. तुपा-साखरेने पोट बिघडेल, एवढीच शंका सहसा मनात येते आणि ती खोटीही नाही. परंतु मोठा धोका लाडवावर टोचलेल्या बेदाण्यात असतो.

सांगली-तासगावचा हा बेदाणा आपल्याला पौष्टिक असला, तरी द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. द्राक्षातले टार्टारिक आम्ल त्याला कारणीभूत असावे, असे अलीकडे मानले जाते. एखादा कुत्रा मूठभर खाऊनही ठणठणीत राहतो, तर दुसऱ्याला थोडकेच बाधतात, त्यामुळे अमुक इतके चालतील असे सांगण्याची सोय नाही. आधी उलट्या होतात, मग तो अन्नावरून उठतो, आणि एक-दोन दिवसांत लघवी कमी होऊ लागते.

(दृश्य : परातीत कालवला जाणारा चिवडा.)

चिवड्यातला कांदा-लसूण तळलेला वा वाळवलेला असला, तरी त्यातली गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, आणि मांजराला तर ती अधिकच घातक ठरतात. हिरड्या फिकट पडणे, लघवी गडद होणे ही लक्षणे अनेकदा काही दिवसांनी दिसतात, तोवर चिवडा कुणाच्या लक्षातही राहिलेला नसतो. पुढे मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून कुत्र्यालाही घास घालण्याची प्रथा अनेक घरांत आहे. भरितात कांदा-लसूण असतोच, तेव्हा कुत्र्याचा घास नुसत्या रोडग्याचा ठेवल्यास कुळाचारात काही उणे पडेल, असे आम्हाला वाटत नाही.

भेट म्हणून येणाऱ्या चॉकलेटमधील थिओब्रोमाइन हे कोकोतले उत्तेजक द्रव्य कुत्र्याला विषारी ठरते आणि त्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. १० किलो वजनाच्या कुत्र्याला साधारण १०० ग्रॅम मिल्क चॉकलेटने त्रास सुरू होऊ शकतो, तर गडद चॉकलेट ४० ग्रॅमच्या आसपासही पुरते. साखरविरहित पदार्थांच्या वेष्टनावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य) लिहिलेले असेल, तर ते कुत्र्याच्या तोंडी लागताच कामा नये, कारण त्याने रक्तातली साखर अर्ध्या तासातही घसरू शकते.

असे काही खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता, काय, किती आणि केव्हा खाल्ले हे पशुवैद्यांना कळवावे आणि वेष्टन सोबत न्यावे. मिठाचे पाणी पाजून घरीच उलटी काढण्याचा प्रयत्न मात्र करू नये. त्या मिठाचीच विषबाधा होऊ शकते. उलटी करवायची की नाही, हे पशुवैद्यच ठरवतात, आणि तिचा उपयोग मुख्यतः पहिल्या एक-दोन तासांतच होतो.