जे आले नाहीत त्यांची यादी

(दृश्य: दंडाभोवती आवळला जाणारा पट्टा. हवा सुटल्याचा आवाज.)

रक्तदाब वाढला तर दुखत नाही. सगळी अडचण इथून सुरू होते. दाढ ठणकली की माणूस अपरात्रीही कुणाचं तरी दार ठोठावतो. दाब 180 वर गेला तरी तोच माणूस सकाळी उठतो, तोंड धुतो, कामावर जातो. साखरही अशीच, आवाज न करता वाढते. पाय बधिर होतात, नजर अंधुक होते, तोवर बरीच वर्षं उलटून गेलेली असतात.

म्हणून तपासणी. काहीही होत नसताना करायची.

हे वाक्य ज्यांना पगारी रजा मिळते त्यांना लगेच पटतं. रोजंदारीवरच्या बाईला ते कसं ऐकू येत असेल? तपासणीसाठी एक खाडा, रिपोर्टसाठी दुसरा. रिपोर्टमध्ये काही निघालं तर डॉक्टरांसाठी तिसरा. आणि हे सगळं अंगात काहीच दुखत नसताना.

(दृश्य: उघडं दार, उंबऱ्यावर वही घेऊन उभी असलेली आरोग्यसेविका.)

‘तपासलं की काहीतरी निघतंच.’ दारोदार फिरणाऱ्यांनी हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की पुढचा माणूस तोंड उघडायच्या आधीच ते त्यांना कळतं. याला अडाणीपणा म्हणायची आपल्याला सवय आहे. आम्हाला तो अडाणीपणा वाटत नाही. जे निघेल त्याची औषधं परवडणार नसतील, तर ते निघूच न देणं हा एक हिशेब आहे. कडू आहे, पण हिशेब आहे.

(दृश्य: डोंगरांमधली अरुंद दरी. कोळशाच्या खाणीची जुनी छायाचित्रं.)

वेल्समधलं ग्लिनकोरग. खाणकामगारांचं गाव, वस्ती दोनेक हजारांची. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचा डॉक्टर 1960च्या दशकाच्या सुरुवातीला इथे आला आणि पुढची बरीच वर्षं इथेच राहिला. 1971 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यानं एक लेख लिहिला. म्हणणं थोडक्यात असं: जिथे चांगल्या उपचारांची गरज सर्वांत जास्त, तिथेच ते सर्वांत कमी मिळतात, आणि आरोग्यसेवा जितकी बाजाराच्या हवाली कराल, तितकं हे अंतर वाढतं. याला त्यानं नाव दिलं ‘इन्व्हर्स केअर लॉ’. उफराटा नियम म्हणा हवं तर.

पण हार्ट लेख लिहून थांबला नाही. गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजायचा, असं त्यानं ठरवलं. शिबिर नाही, कर्णा नाही. खोकला घेऊन कुणी आलं, मोजा दाब. बोट कापलं म्हणून आलं, मोजा दाब. आणि जे कधी येतच नाहीत त्यांना शोधून काढा. छोट्या गावात एक सोय असते, कोण आलं नाही ते माहीत असतं.

मोजून झाल्यावरचं काम मात्र कंटाळवाणं होतं, आणि खरी गोष्ट त्या कंटाळवाण्या कामाचीच आहे. औषध चालू ठेवायचं, पुन्हा बोलवायचं, सिगारेटबद्दल पुन्हा तेच बोलायचं. 25 वर्षांचा हिशेब 1991 साली छापून आला. उच्च रक्तदाबाच्या ज्या रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं, त्यांचा वरचा आकडा सरासरी 186 वरून 146 वर आला होता. त्यांच्यात धूम्रपान करणारे निम्म्याहून जास्त होते, ते पाचात एकावर आले. अवेळी मरणारे शेजारच्या गावापेक्षा कमी होते. मधल्या काळात खाण बंद पडली होती. म्हणजे गावाची परिस्थिती सुधारली म्हणून हे झालं, असंही म्हणता येत नाही.

(दृश्य: रिकाम्या खुर्च्यांची रांग.)

आता उलट बाजू, कारण ती लपवून तपासणीचं भलं होणार नाही.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या पट्ट्यात 1999 साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. 30 ते 60 वयाच्या साधारण 60 हजार लोकांमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे 11 हजारांहून जास्त लोक निवडून त्यांना तपासणीला बोलावलं. हृदयविकाराचा धोका किती ते सांगितलं, जीवनशैलीबद्दल समुपदेशन दिलं, तेही पाच वर्षं. दहा वर्षांनी पाहिलं तर बोलावलेल्या आणि न बोलावलेल्या लोकांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण सारखंच. बोलावलेल्यांपैकी जवळपास निम्मे आलेच नव्हते.

अशा निकालांवरून काही जण म्हणतात, तपासण्या बंद करा. आम्ही म्हणू, पत्र पाठवून वाट बघणं बंद करा. पत्राला उत्तर देणारा माणूस बहुधा आधीच स्वतःची काळजी घेत असतो.

इंग्लंडनं 2009 पासून 40 ते 74 वयाच्या लोकांना दर पाच वर्षांनी मोफत तपासणी देऊ केली. वयाची अट सगळ्यांना एकच, त्यामुळे ऐकायला न्याय्य वाटते. पण स्कॉटलंडमधल्या साडेसतरा लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास 2012 साली आला, त्यात दिसलं की एकाच वेळी दोन-तीन दीर्घ आजार जडणं हे सर्वांत वंचित भागांत दहा ते पंधरा वर्षं आधी सुरू होतं. म्हणजे चाळिशीचं दार सुखवस्तू माणसासाठी वेळेवर उघडतं. ज्याचं शरीर तिशीतच पन्नाशीला टेकलंय, त्याला ते उशिरा उघडलेलं असतं.

(दृश्य: केशकर्तनालय. आरसा, कात्रीचा आवाज, गप्पा.)

लॉस एंजेलिस. कृष्णवर्णीय पुरुषांची केशकर्तनालयं. हृदयरोगतज्ज्ञ रोनाल्ड व्हिक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी 52 दुकानं आणि रक्तदाब वाढलेली 319 नेहमीची गिऱ्हाइकं घेतली. जवळपास अर्ध्या दुकानांत न्हाव्यानं समजावायचं: दाब जास्त आहे, डॉक्टरांकडे जा, खाणंपिणं सांभाळ. उरलेल्या दुकानांत औषधनिर्माता स्वतः यायचा आणि डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीनं तिथेच औषध सुरू करायचा. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा दाब सरासरी 9 अंकांनी उतरला. दुसऱ्या गटाचा 27 अंकांनी. निकाल 2018 साली प्रसिद्ध झाला.

खुर्ची तशीच होती, न्हावीही ओळखीचाच. नुसतं ‘डॉक्टरांकडे जा’ म्हणणं आणि औषध हातात देणं, यांतला फरक 18 अंकांचा.

(दृश्य: अरुंद गल्ली, जिना, बायकांचं बोलणं.)

तपासणारी व्यक्ती डॉक्टरच हवी, असंही नाही. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयानं 1998 पासून झोपडपट्ट्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी केली. साधन म्हणजे व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड. ते लावलं की संशयास्पद भाग पांढरा दिसतो. तपासणाऱ्या बायका साधारण दहावी शिकलेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या. बारा वर्षांनंतर या आजारानं होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी दिसले. अभ्यासावर वादही झाला, आणि तो गैरलागू नव्हता: तुलनेसाठी ज्या वस्त्यांत ही तपासणी दिलीच नाही, तिथल्या बायकांचं काय? तो प्रश्न इथे दोन वाक्यांत मिटणारा नाही. पण पांढरा डाग दिसलेल्या बाईला पुढच्या उपचारांची वाट मोकळी होती, हे विसरून 31 हा आकडा वाचू नये.

(दृश्य: संध्याकाळ. टेबल आवरलं जातंय. वही उघडीच आहे.)

तपासणीच्या दिवशी फलकावर एक संख्या लिहिली जाते, इतके लोक तपासले. छायाचित्रही तिच्याच शेजारी उभं राहून काढतात. वहीतला दुसरा रकाना कुणी मागत नाही, त्यात न आलेल्यांची नावं असतात. पुढचं काम त्यातच लिहिलेलं असतं, पेन्सिलीनं.

एकजण जिना उतरू शकत नाही. एकीचं मूल तापानं फणफणलंय. एकानं मागच्या वर्षी तपासलं होतं, साखर निघाली, नंतर कुणी फिरकलंच नाही; तो दार उघडणार नाही, त्याच्या बायकोशी बोलायचं.

आणि एक रात्रपाळीवाला. दार वाजवलं तेव्हा झोपला होता. सहा वाजता पुन्हा जायचं.