मधात ऊस शिरला, हे कळतं कसं?

(दृश्य: प्रयोगशाळा. गरम पाण्यात उभी काचेची नळी.)

नळीत दहा-बारा ग्रॅम मध आहे. त्यात थोडं पाणी, सोडियम टंगस्टेट आणि सौम्य सल्फ्युरिक आम्ल घातलंय. पाणी 80 अंशांवर आहे. बघता बघता मधात पुंजके धरू लागतात, दूध नासल्यासारखे. ही मधातली प्रथिनं. ती वेगळी काढायची, पुन्हा पुन्हा धुवायची, कारण मधाची खरी साक्ष तीच देणार आहेत.

घरी आपण मधाचा थेंब पाण्यात सोडतो, वात बुडवून पेटवतो. पण दाट पाकाचा थेंबही तळालाच जातो. मधाची पारख अशी होत नाही.

(दृश्य: कृष्णाकाठचा ऊस, मग महाबळेश्वरचं रान.)

सातारा जिल्हाच घ्या. खाली नदीकाठी ऊस, वर डोंगरात जांभूळ, हिरडा, गेळा. साखर सगळेच हवेतल्या कार्बनपासून करतात, पण रीत निराळी. या कार्बनमध्ये थोडा जड कार्बन असतो, कार्बन-13. जांभूळ तो थोडा कमीच घेतं. ऊस आणि मका तितके चोखंदळ नाहीत. ठरावीक मापापेक्षा जड कार्बन किती कमी, हे एका आकड्यात सांगतात. मधाचा आकडा दर हजारी उणे 25 च्या आसपास येतो, उसाच्या साखरेचा उणे 11 च्या. साखर कितीही शुद्ध करा, ही खूण पुसत नाही.

अमेरिकेत 1970 च्या दशकात जोनाथन व्हाइट आणि लँडिस डोनर या रसायनशास्त्रज्ञांनी मक्याचा पाक पकडायला हीच खूण वापरली. पुढे व्हाइट यांनी तिला प्रथिनांची जोड दिली. पाक मिसळला की मधाचा आकडा सरकतो, प्रथिनांचा जागीच राहतो, कारण पाकातून प्रथिनं येत नाहीत. दोघांत 1 चा फरक पडला, तर सुमारे 7 टक्के ऊस किंवा मका आत आहे असं धरतात.

पावसाळ्यात फुलोरा नसतो, तेव्हा मधपाळ सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्यांत साखरपाणी ठेवतात. ते माश्या जगाव्यात म्हणून, त्याला कुणी भेसळ म्हणू नये. मात्र ते काढणीच्या मधात उतरलं, तर या चाचणीत दिसतं.

भाताचा पाक मात्र इथून निसटतो, कारण भात कार्बनच्या बाबतीत जांभळाचाच भाऊबंद. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं 13 ब्रँडचे मध तपासल्याचं जाहीर केलं. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत, सगळ्या चाचण्यांत मिळून, फक्त 3 उतरले. तिथं एनएमआर, म्हणजे चुंबकाच्या मदतीनं रेणू ओळखणारं तंत्र, वापरलं होतं. ते मधातल्या साखरा, आम्लं एकदम वाचतं आणि खात्रीच्या मधांशी ताडून बघतं.

(दृश्य: पेटीतून उचललेली, मेणानं बंद झालेली फ्रेम.)

ताडायला आधी खात्रीचा मध हवा. आपल्या डोंगरातला, पेटीसमोर उभं राहून काढलेला, गाव-तारीख-फुलोरा लिहिलेला. जांभळाचा दरवर्षी मिळेल. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. तो हंगाम हुकला, तर तिच्या मधाच्या नमुन्यासाठी पुढच्या फुलोऱ्यापर्यंत थांबावं लागतं.