दमास्कसला गेलेली पत्रे

श्रोतेहो, नमस्कार. आज मी मौलाना जलालुद्दीन रूमी यांच्या पत्रांविषयी बोलणार आहे. तेराव्या शतकात कोन्या येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, राहून फारसीत लिहिणाऱ्या या सूफी कवीची सुमारे दीडशे गद्य पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतील बहुतेक सरदार-अंमलदारांना लिहिलेली शिफारसपत्रे आहेत. ती आज बाजूला ठेवू. माझे मन गुंतले आहे ते त्यांनी शम्स तबरेझी यांना पाठवलेल्या पद्यपत्रांत.

१२४४ मध्ये शम्स कोन्यात आले आणि रूमींचे सारे जीवन पालटले. गुरूचा वेळ हा फिरस्ता फकीर हिरावून घेतो, म्हणून शिष्य त्यांचा दुस्वास करू लागले, आणि १२४६ मध्ये शम्स कुणालाही न सांगता निघून गेले. रूमींचे गाणे थांबले, काव्य थांबले. काही महिन्यांनी दमास्कसहून शम्स यांचे पत्र आले, तेव्हा रूमींनी उत्तरे लिहिली, तीही गझलांत. एका पत्रात ते म्हणतात की, तुम्ही गेल्यापासून आम्ही मधापासून तुटलेल्या मेणासारखे झालो आहोत. रात्रभर जळतो आहोत, पण वाट्याला मध नाही. पुढे ते कळवतात की तुमच्यावाचून एकही गझल झाली नव्हती, आणि तुमचे पत्र ऐकल्याच्या आनंदात पाच-सहा झाल्या. पाच-सहा! विरहाने व्याकूळ झालेला माणूस गझलांचा आकडा कळवतो, हे मला फार खरे वाटते.

पत्रांनी भागेना, तेव्हा रूमींनी आपला मुलगा सुलतान वलद याला सुमारे वीस जणांसह दमास्कसला धाडले. वलद तेव्हा ऐन विशीत होते. त्यांनी शम्स यांना शोधून काढले, वडिलांचा निरोप सांगितला, शिष्यांच्या वतीने क्षमा मागितली, आणि शम्स परतायला राजी झाले. शम्स घोड्यावर बसले. वलद मात्र त्यांच्या घोड्याबरोबर पायी निघाले. शम्स यांनी त्यांनाही घोड्यावर बसायला सांगितले, परंतु राजाही स्वार आणि सेवकही स्वार हे शोभत नाही, असे म्हणून वलद चालतच राहिले. दमास्कसपासून कोन्यापर्यंत, टॉरस पर्वतरांगा ओलांडून, पायी! वलद यांनी स्वतःच पुढे हे पद्यात लिहून ठेवले आहे.

हल्ली रूमींच्या नावाने गुलाबाच्या चित्रांवर फिरणाऱ्या ओळींपैकी कितीतरी त्यांच्या नाहीतच, याचे मला मनापासून दुःख होते. खरी पत्रे वाचावीत, आणि शक्यतो मोठ्याने वाचावीत.

शम्स पुढे कायमचे नाहीसे झाले. त्यानंतर रूमींचा जीव सलाहुद्दीन या सोनारावर जडला, आणि या सलाहुद्दीन यांची कन्या फातिमा खातून हिचा विवाह याच सुलतान वलद यांच्याशी झाला. संसारात कुरबुरी सुरू झाल्या, तेव्हा रूमींनी मुलाला पत्राने बजावले की पत्नीला जपावे, तिचे मन दुखवू नये. सुनेलाही त्यांनी वेगळे पत्र लिहिले. त्यात त्यांनी तिला शब्द दिला की, माझ्या मुलाने तुला दुखवले तर मी त्याच्यावरची माया काढून घेईन, त्याच्या सलामाला उत्तर देणार नाही, आणि माझ्या अंत्ययात्रेलाही त्याने येऊ नये. नमस्कार.