एका पाठाभोवती बसलेले शिक्षक

श्रोतेहो, नमस्कार.

शिकवण्याच्या कामात एखादे नवे साधन आले की शाळेचे रूपच पालटेल, असे भाकीत ताबडतोब केले जाते. १९१३ मध्ये थॉमस एडिसन यांनी शाळांमधील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे सांगितले होते; त्यांचा विश्वास त्या काळी नव्या असलेल्या चलच्चित्रांवर होता. ज्या माध्यमातून मी आज आपल्याशी बोलत आहे, त्या रेडिओविषयीही पुढच्या दोन दशकांत अशाच अपेक्षा बाळगल्या गेल्या. नंतर दूरचित्रवाणी आली, १९५० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांची अध्यापन-यंत्रे आली, मग संगणक आले आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता दारात उभी आहे. यांतली काही साधने वर्गात रुजली, काही कपाटात बंद झाली. हा फरक साधनाच्या गुणवत्तेपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून असतो, असे मला वाटते. त्या साधनाकडे शिक्षकांनी एकत्र बसून, स्वतःच्या पाठाच्या संदर्भात पाहिले की नाही, ही ती गोष्ट होय.

याचे एक बोलके उदाहरण प्रशांत महासागरातील अमेरिकन सामोआ या बेटांवर घडले. १९६४ मध्ये तेथील शाळांत दूरचित्रवाणीद्वारे शिकवण्याची मोठी योजना सुरू झाली. पाठ मध्यवर्ती स्टुडिओत तयार होत, ठरलेल्या वेळी सर्व शाळांत प्रक्षेपित होत आणि वर्गातल्या शिक्षकाने त्यानंतरचा सराव घ्यावा, अशी रचना होती. योजनेमागचा हेतू प्रामाणिक होता, कारण तेथील अनेक शिक्षकांना पुरेसे औपचारिक प्रशिक्षण मिळालेले नव्हते आणि बदल लवकर व्हावा, ही तळमळ खरी होती. परंतु काय शिकवायचे, किती वेगाने शिकवायचे आणि कुठे थांबायचे, हे सारे वर्गाबाहेर ठरत होते. समोरच्या मुलांना मागचा मुद्दा समजलेला नाही, हे दिसत असूनही शिक्षकाला पडद्यावरचा पाठ थांबवता येत नव्हता. विशेषतः माध्यमिक शाळांत नाराजी वाढली आणि १९७० च्या दशकात दूरचित्रवाणीचे स्थान मुख्य अध्यापनावरून पूरक साधनापर्यंत खाली आले. शिक्षकाचा निर्णय काढून घेणारे साधन कितीही उत्तम पाठ दाखवत असले, तरी वर्ग ते फार काळ स्वीकारत नाही.

साधन थेट मुलांच्या हाती दिले, तर हा प्रश्न सुटेल का? पेरू देशात ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांना लॅपटॉप देण्यात आले होते. तेथील ३१९ शाळांचा तौलनिक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकांची संख्या आणि वापर दोन्ही पुष्कळ वाढले होते, मुलांच्या सर्वसाधारण बौद्धिक कौशल्यांत थोडी वाढही दिसली. मात्र गणित आणि भाषा या विषयांतील गुणांवर परिणाम आढळला नाही. यंत्र पोहोचले, तरी पाठ बदलला नव्हता.

पाठ बदलतो कसा, याचे उत्तर शोधताना जपानमधील शिक्षकांच्या एका जुन्या परंपरेकडे वळावे लागते. तिला तेथे ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात. काही शिक्षक मिळून एका पाठाचे टाचण तयार करतात; मुले कुठे अडखळतील, कोणती चुकीची उत्तरे देतील, याचा आधीच अंदाज बांधतात. मग त्यांतील एक जण तो पाठ प्रत्यक्ष वर्गात घेतो आणि बाकीचे वर्गात बसून निरीक्षण करतात. निरीक्षण शिक्षकाचे नव्हे, मुलांचे होते, हे या पद्धतीचे मर्म आहे. पाठ संपल्यावर सगळे एकत्र बसतात, आपण काय पाहिले ते सांगतात आणि पाठ सुधारतात. तो पाठ सर्वांचा असल्यामुळे त्यातील उणीव कोणा एकाच्या माथी मारली जात नाही.

आता हीच रीत नव्या साधनाला लावून पाहू. समजा, एका गटाने अपूर्णांकांच्या तुलनेचा पाठ घेतला आहे आणि त्यासाठी पडद्यावर पट्ट्या लहानमोठ्या करून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरायचे ठरवले आहे. प्रत्येक निरीक्षकाकडे दोन-तीन मुले नेमून दिलेली आहेत. एका निरीक्षकाच्या लक्षात येते की, आपल्यासमोरची मुलगी विचार न करता पट्टी मागेपुढे सरकवते, हिरवी खूण दिसताच थांबते आणि पुढच्या प्रश्नाकडे जाते. सॉफ्टवेअरच्या नोंदीत तिची सर्व उत्तरे बरोबर आहेत. तिने अपूर्णांकांची तुलना एकदाही केलेली नाही, ही गोष्ट मात्र शेजारी बसून पाहणाऱ्या माणसालाच दिसते. चर्चेत गट ठरवतो की, पट्टीला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने कोणता अपूर्णांक मोठा आणि का, हे वहीत लिहायचे. एवढ्या लहानशा बदलाने त्याच सॉफ्टवेअरचा उपयोग वेगळा होतो. ही सुधारणा कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडली नसती आणि एकट्या शिक्षकाला, तीस-चाळीस मुलांकडे एकाच वेळी लक्ष देताना, ती सुचणेही कठीण होते. सहकार्य या शब्दाने मला अभिप्रेत आहे ते हेच काम. केवळ संदेशांची आणि दुव्यांची देवाणघेवाण त्याची जागा घेऊ शकत नाही.

असा गट उभा करताना शिक्षकांच्या मनातील शंकांचे काय करायचे, हा प्रश्न येतो. टेक्सास विद्यापीठातील संशोधक फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ मध्ये शिक्षकांच्या चिंतांचा एक क्रम मांडला होता. आरंभी शिक्षकाला स्वतःची चिंता असते; पुढे कामाची आणि त्यानंतर विद्यार्थ्यांवरील परिणामाची. त्याच विद्यापीठातील नंतरच्या अभ्यासकांनी हा विचार शाळांतील बदलांना लागू केला. त्याचे महत्त्व अगदी व्यावहारिक आहे. ‘मला हे जमेल का, वर्गासमोर माझी फजिती होईल का’ या काळजीत असलेल्या शिक्षकाला आपण विद्यार्थ्यांच्या प्रगतीचे आलेख दाखवतो, तेव्हा आपण त्याच्या प्रश्नाचे उत्तर देतच नसतो. त्याला हवी असते एका सहकाऱ्याची शांतपणे दिलेली सोबत, तीही मुले समोर नसताना. आणि दीर्घ अनुभवाचा शिक्षक ‘याने मुलांचे लिहिणे कमी तर होणार नाही ना’ असे विचारतो, तेव्हा त्याला बदलाचा विरोधक ठरवणे हा मोठा अन्याय आहे. त्याचा प्रश्न परिणामाचा आहे, म्हणजे सर्वांत पुढच्या टप्प्याचा आहे. अशा शिक्षकाला गटात पहिले स्थान मिळायला हवे.

या कामात नेतृत्व कोणाचे? माझ्या मते ते पदावर ठरत नाही. जो शिक्षक आपल्या वर्गाचे दार सर्वांत आधी उघडतो आणि अजून न बसलेला, कच्चा पाठ इतरांना पाहू देतो, तो बदलाचे नेतृत्व करीत असतो. मुख्याध्यापकांचे काम त्यापेक्षा वेगळे, पण तितकेच अवघड आहे. त्यांनी वेळ द्यायचा असतो. वेळापत्रकात एकत्र बसण्याची तासिका नसेल, तर शाळा सुटल्यानंतर थकलेल्या माणसांकडून चिंतनाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. शिवाय निरीक्षणाच्या या नोंदी शिक्षकाच्या वार्षिक मूल्यमापनात वापरल्या जाणार नाहीत, हे आरंभीच स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. ही हमी नसेल, तर प्रत्येक जण आपला तालीम केलेला पाठच दाखवील आणि शिकण्यासारखे काही उरणार नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन सर्वांसाठी खुले झाल्यापासून या सहकार्याची निकड अधिक वाढली आहे. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षणातील अशा साधनांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत विद्यार्थ्यांच्या माहितीचे संरक्षण, वर्गातील वापरासाठी किमान १३ वर्षे ही वयोमर्यादा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांवर भर आहे. पण उद्याचा गृहपाठ काय द्यायचा, हे कोणतीही जागतिक सूचना सांगू शकत नाही. ते एकाच विषयाच्या शिक्षकांनी मिळून ठरवायचे आहे. त्यांनी आपला नेहमीचा गृहपाठाचा प्रश्न या साधनाला विचारावा, आलेले उत्तर एखाद्या विद्यार्थ्याचे आहे असे समजून प्रत्येकाने स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि मग ते गुण शेजारी ठेवून बोलावे. एकाने भरघोस आणि दुसऱ्याने मोजके गुण दिले असतील, तर चर्चा यंत्राविषयी राहतच नाही; आपण उत्तरात नेमके काय शोधतो, या मुळाशी ती जाते. प्रश्न बदलावा लागेल की वर्गातच लिहून घ्यावा लागेल, की साधनाच्या उत्तरातील चुका मुलांकडूनच शोधून घ्याव्यात, हे त्यानंतर ठरवता येते. या प्रयोगात मुलांची नावे किंवा त्यांचे मूळ लेखन साधनात टाकण्याची गरज पडत नाही, हाही एक लाभ आहे.

शेवटचा मुद्दा साधन सोडून देण्याचा. साधन स्वीकारतानाच गटाने एक तारीख ठरवावी आणि त्या दिवशी ते ठेवायचे की बाजूला करायचे, याचा निर्णय घ्यावा. निर्णय काहीही होवो, त्याची कारणे, फसलेल्या पाठांच्या टाचणांसह, लिहून ठेवावीत. २००२ पासून उपलब्ध असलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांमुळे असे लेखन इतर शाळांना वापरण्यासाठी आणि बदलण्यासाठी खुले करता येते. यशाच्या कथा साधन विकणारे सांगतातच. कोणत्या वर्गात, कोणत्या घटकाला, कोणत्या कारणाने साधन उपयोगी पडले नाही, ही माहिती फक्त शिक्षकांकडेच असते आणि दुसऱ्या गावी तोच पाठ घेणाऱ्या शिक्षकाला नेमकी तीच हवी असते.

नमस्कार.