टेलचं पाणी आणि परदेशातला अर्ज

नमस्कार श्रोतेहो.

परवा एक मुलगी अर्ज दाखवायला आली. रोटरी पीस फेलोशिपचा, म्हणजे शांतता आणि संघर्ष या विषयांच्या अभ्यासासाठी रोटरी देते त्या शिष्यवृत्तीचा. पहिल्या ओळीत 'विश्वशांती', दुसरीत 'वसुधैव कुटुंबकम्'. म्हटलं, "अगं, तू काम काय करतेस ते सांग की." तेव्हा कुठे गोष्ट बाहेर आली. दौंडकडे कालव्याच्या चारीवर चार वर्षं पाणी वापर संस्थेबरोबर, म्हणजे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेबरोबर, राबते आहे. खडकवासल्याचं आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीचं पाणी, सुटलं की वरचे लोक मोटारी टाकतात, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचायला रात्रीचे दोन वाजतात, आणि मग काठ्या निघतात. हिने दोन्हीकडच्यांना पारावर बसवलं आणि पाळीच्या वेळा देवळाच्या भिंतीवर चुन्याने लिहून घेतल्या. अर्जात याचा एक शब्द नाही!

ही फेलोशिप २००२ पासून चालू आहे. फी, राहणं-जेवण, जाण्यायेण्याचं तिकीट, इंटर्नशिपचा खर्च, सगळं त्यात येतं. पदव्युत्तर पदवीसाठी किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि ती आपल्या देशाबाहेरच करायची असते. स्वीडनमधलं उप्साला, इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड अशी तिथल्या विद्यापीठांची नावं. कामात मुरलेल्यांसाठी वेगळा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. त्याला अनुभव पाच वर्षांचा. युगांडातल्या माकेरेरे विद्यापीठात तो चालतो, आणि आता सिंबायोसिसमुळे पुण्याचंही नाव या यादीत आलं आहे. अर्ज एरवी फेब्रुवारीत निघतात, मुदत १५ मेपर्यंत असते. आणि हो, रोटरीच्या सभासदांना, त्यांच्या मुला-नातवंडांना ती मिळत नाही. मला हे फार आवडलं.

तिथे शिकवतात तरी काय? उप्सालाचे लोक जगभरच्या लढायांची नोंद ठेवतात. वर्षात लढाईत किमान २५ माणसं मेली, तरच तो सशस्त्र संघर्ष धरायचा, असा त्यांचा हिशेब. नॉर्वेचे योहान गाल्टुंग मात्र म्हणत, गोळीबार थांबला म्हणजे शांतता आली असं नव्हे; अन्याय तसाच असेल तर ती अर्धीच शांतता.

याचा धडा पुण्यात घरबसल्या मिळतो. सप्टेंबर १९३२, येरवड्याचा तुरुंग. आत गांधीजींचं उपोषण, समोर डॉ. आंबेडकर. २४ तारखेला पुणे करार झाला. दलितांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले, प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. ही वाटाघाट म्हणायची की प्राण पणाला लावून आणलेलं दडपण? बाबासाहेबांनी पुढे या करारावर सडकून टीका केली. मला विचाराल तर फेलोशिपच्या मुलाखतीआधी हे प्रकरण दोन्ही बाजूंनी वाचून जावं.

त्या मुलीने अर्ज पुन्हा लिहिला. आता पहिलं वाक्य आहे, 'आमच्या चारीवर रात्री दोनला पाणी येतं.' विश्वशांती गेली. 'टेल' म्हणजे काय हे ब्रॅडफर्डच्या प्राध्यापकांना कळेल असं लिहिताना मात्र आमची अख्खी दुपार गेली.