पाठीतलं पाणी

सुई आत्ता कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मधून आत जातेय. फुफ्फुसाचा कॅन्सर मेंदूच्या आवरणांपर्यंत पोचलाय का, हे पाठीतल्या पाण्यात बघायचंय. पेशंट कुशीवर, गुडघे पोटाशी, पाठ जमेल तेवढी वाकवलेली, कारण तशी वाकवली की मणक्यांमधली फट उघडते. मज्जारज्जू वरच, कमरेच्याच पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपलेला असतो, त्यामुळे सुई त्याला लागत नाही. ही भीती सगळ्यांनाच असते म्हणून आधीच सांगून टाकलं.

हा थेंब बघा. अगदी नितळ. पाठीतलं पाणी म्हणतात खरं, पण तयार होतं ते मेंदूत, दिवसाला साधारण ५०० मिली, आणि एका वेळी आत असतं जेमतेम १५०, म्हणजे रोज तीनेकदा तरी सगळं पाणी बदलतं.

मेंदूवर आवरणं तीन. बाहेरचं जाड, आतली दोन नाजूक, आणि हे पाणी त्या नाजूक दोघांच्या मधे खेळतं. फुफ्फुसातल्या कॅन्सरच्या पेशी इथे उतरल्या की पाणी नेईल तिकडे जातात, त्यामुळे तक्रारीही कुठूनही निघतात, सकाळी उठताच डोकं ठणकतं, एकाचे दोन दिसतात, तोंड वाकडं होतं, पाय जड पडतात, लघवी अडकते आणि बरेचदा हे सगळं केमोच्या थकव्याच्या खात्यावर जातं.

एमआरआयमध्ये, इथे, मेंदूच्या घड्यांच्या कडेने पेन्सिलीने गिरवल्यासारखी पांढरी रेघ दिसतेय ना, तेच ते. कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत असे भाग उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध, दिला नसता तर ही रेघ सहज सुटली असती.

आता लॅब. या पेशी बाहेर आल्या की लवकर खराब होतात, म्हणून बाटली टेबलावर पडून राहता कामा नये, आणि पाणीही चमचाभर नाही, १० मिलीच्या आसपास हवं. एवढं करूनही पहिल्या वेळी, आजार असलेल्या जवळपास निम्म्या पेशंटमध्ये पेशी सापडतच नाहीत. दुसऱ्यांदा काढलं की सापडण्याचं प्रमाण बरंच वाढतं. एक रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि विषय संपला, हे आम्हाला काही पटत नाही. पेशंटला परत टोचायचं जिवावर येतं, मान्य, तरी.

डोक्याच्या कातडीखाली बसवलेली ही घुमटी म्हणजे ओमाया रिझर्व्हायर, न्यूरोसर्जन अयुब ओमाया यांनी १९६३ मध्ये मांडलेली कल्पना. हिच्यातून औषध थेट त्या पाण्यात सोडता येतं, दर वेळी पाठीत सुई नको. कॅन्सरच्या पेशींत ईजीएफआर म्युटेशन, म्हणजे ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल, असेल तर ओसिमर्टिनिबसारखी गोळी मेंदूपर्यंत पोचते.

उपचार नसतील तर हातात आठवडे, असतील तर बहुतेकांना महिने, काहींना त्याहून जास्त.

ही दुसऱ्या वेळची बाटली. लेबल लागलं, टेक्निशियन ताई जिन्याने निघाल्यासुद्धा, लिफ्टची वाट बघत नाहीत त्या.